इसब बाळाला, दोष आईला

शिरूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि नेहमीप्रमाणे बायका उठायच्या बेतात असताना भिंतीला टेकून बसलेली एक तरुण मुलगी म्हणाली, "ताई, जरा बाळाला बघता का?" बाळ पाच महिन्यांचं. हातांवर मोजे चढवलेले, ओरबाडू नये म्हणून. दोन्ही गाल सोलल्यासारखे, कपाळावर खपल्या, पोटऱ्यांवर खरखरीत काळपट चट्टे. बाळ आईच्या खांद्यावर तोंड घासत होतं. खाजवायला हात मोकळे नसले की बाळ असंच करतं.

आम्ही काही विचारायच्या आत शेजारून सासूबाई म्हणाल्या, "हिनं पोटुशी असताना वांगं सोडलं नाही. किती सांगितलं." मुलीने मान खाली घातली. नंतर कळलं की गेले तीन महिने ती ज्वारीची भाकरी आणि मुगाच्या वरणाच्या पाण्यावर आहे. दूध नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही, आंबट नाही, हिरवी भाजीसुद्धा मोजकीच. अंगावर पाजणारी बाई, आणि चेहरा पांढराफटक पडलेला. पिशवीतून तिने मलमाच्या सहा ट्यूबा काढून आमच्यापुढे ठेवल्या. एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक नणंदेच्या घरून आलेली, एक नवऱ्याने कंपनीतल्या मित्राला विचारून आणलेली, बाकीच्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. आम्ही चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. सहापैकी तिघींत एकच औषध होतं, फक्त नावं वेगळी.

तिच्या पिशवीत औषध नव्हतं असं नाही. सहा औषधं होती. पण बाळाला नेमकं काय झालंय, कोणतं मलम कशाचं आहे, किती लावायचं, कधी थांबवायचं, हे सहा जणांपैकी कुणीही तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एकच: चूक तिची आहे.

मैत्रिणींनो, बाळाच्या गालावरचे चट्टे हा काय चळवळीचा विषय आहे, असं काहींना वाटेल. हुंडा, मारहाण, जमिनीवरचा हक्क, पाणी हे प्रश्न असताना मलमाच्या ट्यूबा कुठे घेऊन बसता? पण घरातल्या बाईचं शरीर, तिचं ताट, तिची झोप आणि तिची अब्रू या चारही गोष्टींवर जिथे एका आजाराच्या निमित्ताने ताबा मिळवला जातो, तो विषय आपलाच आहे.

आधी आजार समजून घेऊ

बाळाच्या अशा चट्ट्यांना आपल्याकडे इसब म्हणतात. डॉक्टर त्याला एक्झिमा किंवा अॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. आपली कातडी ही विटांच्या भिंतीसारखी असते. पेशी म्हणजे विटा आणि मधला स्निग्ध थर म्हणजे चुना. काही बाळांची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. आतलं पाणी बाहेर उडून जातं, कातडी कोरडी पडते, आणि बाहेरची धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरून आग पेटवतात. खाज सुटते, खाजवलं की भिंत आणखी फुटते, की पुन्हा खाज. भिंत पक्की करणारं फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचं नातं २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. घरात कुणाला दमा, सततची सर्दी-शिंका किंवा लहानपणी इसब झालेला असेल तर बाळाला होण्याची शक्यता वाढते. हा वारसा बापाकडूनही येतो. सासूबाईंच्या माहेरकडूनही येतो. पण आजवर कुठल्या घरात "तुमच्याकडून आलं" असं मुलाच्या बापाला कुणी ऐकवलेलं आम्ही पाहिलं नाही.

इसब संसर्गजन्य नाही. बाळाला मांडीवर घेतल्याने, त्याचे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत धुतल्याने तो कुणाला लागत नाही. तरीही अशा बाळांना बारशाला, हळदी-कुंकवाला "नका आणू" म्हटलं जातं, आणि बाळाबरोबर त्याची आईही घरात राहते.

छोट्या बाळाला इसब बहुधा गालांवर, डोक्यावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. मूल मोठं झालं की कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत येतो. पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात, म्हणून "लाल चट्टे" असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या बाळांवर तो करडा, तपकिरी, काळपट दिसतो आणि लाली नजरेत भरत नाही. त्यामुळे "फार काही नाही" म्हणून परत पाठवलं जातं.

खरूज वेगळी. तिच्यात रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी तीच खाज असते. तिथे एकट्या बाळाला नाही, सगळ्या घराला एकाच वेळी औषध लावावं लागतं. नायटा, म्हणजे गजकर्ण, तोही वेगळा. तो गोल कडा धरून पसरतो. या तिघांची औषधं वेगळी आहेत. एकाचं मलम दुसऱ्याला लावलं तर रोग दबतो, रूप बदलतो आणि पसरतो. म्हणून पहिली गोष्ट नाव कळण्याची. सहा ट्यूबांच्या आधी एक निदान हवं.

ताटातून काय काय काढलं जातं

आता वांग्याकडे येऊ. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना आईने अमुक पदार्थ सोडले तर बाळाचा इसब टळतो का, यावर जगात अभ्यास झालेले आहेत. त्यांतून आईला पथ्यावर ठेवण्याचा फायदा दिसलेला नाही. उलट पथ्यातल्या आईचं वजन पुरेसं वाढत नाही, ही काळजी मात्र दिसते. मग महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तपांढरीच्या आहेत. अशा बाईच्या ताटातून अंडं, दूध, डाळ, शेंगदाणा आणि पालेभाजी काढून घ्यायची, आणि तेही बाळाच्या नावाने! आई नाही म्हणू शकत नाही. कारण नाही म्हणाली तर ती जिभेची लोभी ठरते.

काही थोड्या बाळांना, विशेषतः ज्यांचा इसब लवकर सुरू झालेला आणि जोराचा असतो, दुधाची किंवा अंड्याची खरीखुरी ॲलर्जी असते. एखादा पदार्थ पोटात गेल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या होणं ही तिची खूण. ती डॉक्टरने तपासून ठरवायची आहे, शेजारणीने नाही. आणि पदार्थ बंद करायचा तर त्याच्या बदल्यात काय खायचं हेही डॉक्टरनेच सांगायला हवं.

एका बाबतीत तर जुनी समजूत अगदी उलटी ठरली. जोराचा इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना शेंगदाण्यापासून जपून ठेवा, असं डॉक्टरसुद्धा सांगत असत. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अशा ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी फार कमी झाली. जपून ठेवलेल्यांत जास्त झाली. आपल्याकडे वरच्या अन्नाच्या वयात बारीक कुटाची पेज देणारी आजी वेडी नव्हती. मात्र बाळाचा इसब जोराचा असेल तर पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरला विचारा, आणि अख्खा दाणा कधीच देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो.

उपचार साधा आहे, म्हणूनच कुणी सांगत नाही

इसब मुळापासून काढून टाकणारं औषध आज नाही. असं म्हणून जो कुणी पैसे मागेल त्याच्यापासून लांब राहा. पण इसब ताब्यात ठेवणारे उपचार आहेत, आणि बहुतेक मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर कमी होत जातो.

उपचाराचा पाया म्हणजे ओलावा. दिवसातून दोनदा, तीनदा, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच सगळ्या अंगाला स्निग्ध मलम लावायचं. नुसत्या चट्ट्यांना नाही, सगळ्या अंगाला. आणि चिमूटभर नाही. युरोपातले त्वचारोगतज्ज्ञ लहान मुलांसाठी आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम सांगतात. म्हणजे ती बोटभर ट्यूब दीड दिवसातच संपेल. मग परवडणार कसं? इथे एक दिलासा आहे. ब्रिस्टलच्या संशोधकांनी ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची तुलना केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. परिणामात फरक आढळला नाही. घरच्यांच्या हातून जे रोज लावलं जाईल ते चांगलं. म्हणजे बाळाचं हसरं चित्र असलेली महागडी बाटलीच हवी असं नाही. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली चालते. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात घाण्याचं शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. वासाचं, रंगाचं, औषधी पाल्याचं म्हणून विकलं जाणारं तेल मात्र नको. ऑलिव्ह तेल कातडीची भिंत उलट कमजोर करतं, हेही तपासून पाहिलेलं आहे.

आंघोळ रोज घाला, पण कोमट पाण्याने आणि थोडा वेळ. डाळीच्या पिठाने, उटण्याने चोळायचं नाही. कडकडीत पाणी नाही, धुरी नाही, फेसाळ साबण नाही. न्हाऊ घालणाऱ्या आजीला हे सांगताना तिचा अपमान करू नका. तिच्या हाताला मालिशची जी जाण आहे ती वाया घालवायची नाही. पीठ बाजूला ठेवा आणि तिच्याच हाताने हलकं मलम लावून घ्या. लोकरीची टोपी थेट अंगाला लागू देऊ नका. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी या बाळासाठी दुकानातल्या झुळझुळीत कपड्यापेक्षा चांगली. नखं कापलेली असू द्या.

शिरूरच्या पूर्व भागात बायका बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतो असं काही पाहण्यांत आढळलं आहे. पण इंग्लंडमध्ये घराघरांत पाणी मऊ करणारी यंत्रं बसवून पाहिली, तर मुलांचा इसब त्यामुळे कमी झाला नाही. तेव्हा त्यासाठी कर्ज काढून यंत्र घेऊ नका. दौंड तालुक्यातल्या बायका कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीकडे बोट दाखवतात. घाण हवेने चिडकी कातडी आणखी चिडते, हे खरं. पण जिथे एकही धुराडं नाही तिथल्या बाळांनाही इसब होतो. स्वच्छ हवेची मागणी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. तिला बाळाच्या गालाचा आधार लागत नाही, आणि बाळाचा उपचार ती मागणी पुरी होईपर्यंत थांबू शकत नाही.

स्टिरॉइड: दोन्ही बाजूंची भीती

आणि आता त्या सहा ट्यूबा. आग पेटलेली असताना नुसत्या ओलाव्याने भागत नाही. तेव्हा स्टिरॉइडचं मलम लागतं. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा कातडीवर लावून पाहिलं गेलं आणि इसबाच्या उपचारात क्रांती झाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. बाळाच्या चेहऱ्यासाठी असं सौम्य मलम, थोडे दिवस, डॉक्टरने सांगितलेल्या मापाने लावलं तर ते सुरक्षित आहे. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आग शांत झाली की थांबायचं, आणि ओलावा चालू ठेवायचा.

पण स्टिरॉइड एकाच ताकदीचं नसतं. क्लोबेटासॉल हे हायड्रोकॉर्टिसोनच्या काही शे पट तीव्र आहे. आपल्या गावांत मेडिकलच्या काउंटरवर ज्या ट्यूबा हातात पडतात त्यांत हे तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूचं औषध असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. निदान करायची गरजच नको! इसब असो, नायटा असो, खरूज असो, दोन दिवसांत फरक दिसतो, गिऱ्हाईक खूश. महिन्याभराने बाळाची कातडी कागदासारखी पातळ होते, नायटा असेल तर तो सगळीकडे पसरतो. लंगोटाखाली लावलं तर औषध अंगात शोषलं जातं आणि बाळाच्या शरीरातल्या स्वतःच्या संप्रेरकांचं काम मंदावतं. हीच मलमं तरुण मुली गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लावतात. काळ्या रंगाची लाज आणि औषधाचा नफा यांची ही सोयरीक आहे.

कायदा नाही असं नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टिरॉइडांना 'शेड्यूल एच' मध्ये घालून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत क्लोबेटासॉल घातलेली काही कालवलेली मलमंही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं आवाज उठवला होता. पण मिश्रणातला एखादा घटक बदलून नवी ट्यूब काढता येते, आणि चिठ्ठी कुणी मागत नाही.

इथे आपल्यातल्याच काही मैत्रिणींशी थोडं बोलायचं आहे. औषध कंपन्यांविरुद्ध लढण्याचा आपला वारसा आहे. गरोदरपण तपासायला म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या ईपी गोळ्यांविरुद्ध आपण लढलो आणि १९८८ मध्ये त्यांच्या तीव्र मात्रेवर बंदी आली. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो संशय योग्य होता आणि आजही हवा. पण त्या संशयाचं रूपांतर "स्टिरॉइड म्हणजे विष, पाल्याचा लेप लावा" यात झालं की आपण त्या तरुण आईला दुसऱ्या बाजूने एकटं पाडतो. नेट-एनच्या वेळी आपण म्हणत होतो की बाईला पूर्ण माहिती द्या आणि निर्णय तिला घेऊ द्या. तेच इथे म्हणायचं आहे. सौम्य मलमाला घाबरून बाळाला महिनोन्महिने रात्री खाजवत ठेवणं हे नैसर्गिक जीवन नव्हे. ते बाळ झोपत नाही म्हणजे त्याची आई झोपत नाही. सकाळी मात्र ती खुरपायला जाते, नाही तर रांजणगावच्या कंपनीत पाळीवर उभी राहते.

गंडा-दोरा, उतारा, 'देवी आली' म्हणून औषध थांबवणं, यांविषयी इथे जास्त लिहीत नाही. त्या आईवर चिडू नका, एवढंच. ज्या बाईला सहा जणांनी ट्यूब दिली आणि एकानेही समजावलं नाही, तिचं ऐकून घेणारा भगत हाच कधी कधी पहिला माणूस असतो.

याच मातीतली दोन नावं

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आरोग्याच्या इतिहासात मागासलेले नाहीत. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना मागणी केली होती की बायकांना वैद्यकीचं शिक्षण मिळालं पाहिजे, कारण आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगू शकत नाहीत. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच माणसांना, विशेषतः बायकांना शिकवून आरोग्याचं काम गावाच्या हाती देता येतं, हे त्यांनी दाखवलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रमाबाईंनी मागितलं ते सांगण्याचं स्वातंत्र्य. कोयाजींनी दिलं ते गावात बसून समजण्याचं ज्ञान. त्या मुलीकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. डॉक्टरकडे तिच्याबरोबर सासरे किंवा नवरा जातो, तोच बोलतो, तिला फक्त बाळ धरायचं असतं. रात्री बाळ किती वेळा उठतं, कुठलं मलम किती दिवस लावलं, हे जिला माहीत आहे तिला कुणी विचारत नाही. आणि चामडीच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणजे पुणं गाठायचं. दौंडहून निदान रेल्वे आहे. शिरूरच्या आतल्या गावातून एसटीने निघायचं, ससूनच्या रांगेत उभं राहायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि महिन्याने पुन्हा. दौंडच्या उसाच्या फडात बीड-नगरकडून आलेली जोडपी कोपीत राहतात. त्या बाळांना पाचटाची धूळ आणि चुलीचा धूर आहे, पाणी हंडाभर आहे, आणि आईच्या हातात सकाळपासून कोयता आहे. तिला "दिवसातून तीनदा मलम लावा" हे सांगणं सोपं आहे. कोण लावणार?

मागायचं काय

सरकारच्या कागदावर या बाळांची नोंद आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत कातडीचे आजार आहेत, आणि त्यांत खरूज व बुरशीबरोबर इसबाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून निदान दोनदा तपासायचं आहे. सहा आठवड्यांच्या बाळापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. मग आपल्या अंगणवाडीत पथक आलं तेव्हा किती बाळांची कातडी कपडे काढून पाहिली गेली? छोट्या बाळांच्या आयांना त्या दिवशी बोलावलं होतं का? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. बालकांच्या गृहभेटीत आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी येते. इसब बहुधा याच काळात उगवतो. तिला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि सावळ्या कातडीवरचे फोटो असलेली एक घडीपत्रिका मिळाली तर केवढं काम होईल! मात्र त्याचा मोबदला तिला मिळाला पाहिजे. एका बाईचं ओझं कमी करण्यासाठी दुसऱ्या बाईला फुकट राबवणं ही आपली मागणी असू शकत नाही.

दुसरी मागणी: प्राथमिक आरोग्य केंद्रात स्निग्ध मलम आणि सौम्य स्टिरॉइड कायम शिल्लक हवं. भरपूर, डब्याने. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ यायला हवा. तिसरी: चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी. त्यासाठी गटातल्या बायकांनी वापरलेल्या ट्यूबांचे खोके आणि पावत्या जमवायला सुरुवात करावी. आपल्याकडे पुरावा नेहमी उकिरड्यावर जातो.

आणि काही गोष्टी कुणाकडे मागायच्या नाहीत, आपणच करायच्या. गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांनी घरातल्या ट्यूबा आणून त्यांवरची नावं मोठ्याने वाचायची. क्लोबेटासॉल हा शब्द ओळखायला शिकायचं. खपल्या पिवळ्या पडल्या, पू आला तर लगेच डॉक्टरकडे जायचं, आणि तापाबरोबर एकसारखे बारीक फोड उठले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं, हे प्रत्येकीला पाठ हवं. आणि मलम लावायचं काम बापाला शिकवायचं. बाळाच्या अंगाला दिवसातून तीनदा हात लावावा लागणारा हा आजार आहे. त्यातला एक हात बापाचा असायला काय हरकत आहे?

त्या मुलीला आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. सासूबाईही आल्या, हट्टाने. डॉक्टरबाईंनी बाळाला पाहिलं, पाच ट्यूबा बाजूला ठेवायला सांगितल्या, एक बदलून दिली, आणि बोटाच्या पेरावर रेघ काढून दाखवली. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या मुलाला लहानपणी असं काही होतं का?" सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कोपरात व्हायचं. पाचवीत जाईस्तोवर."

परतीच्या एसटीत कुणी वांग्याचं नाव काढलं नाही. पुढच्या बैठकीला ती आली तेव्हा बाळाच्या हातात मोजे नव्हते. इसब गेला नव्हता, थंडीत पुन्हा उठेल हेही तिला माहीत होतं. पण ती भिंतीला टेकून बसली नव्हती. शेजारच्या वस्तीवरल्या एका नव्या बाळंतिणीला ती बोटाच्या पेरावरची रेघ दाखवत होती.